तोंडातला पांढरा चट्टा, लाळेची तपासणी आणि व्हिटॅमिनची गोळी

विदर्भात खर्रा, नगर-पुण्याकडे मावा, घरोघरी बायकांच्या हातात मिश्री आणि जवळपास प्रत्येक नाक्यावर तंबाखू-चुना मळणारे हात. आपल्या वस्त्यांमध्ये हे चित्र नवीन नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील सुमारे २४ टक्के प्रौढ माणसे बिनधुराची तंबाखू खातात किंवा लावतात. ओढणाऱ्यांचे प्रमाण ४ टक्क्यांच्या आत आहे. म्हणजे आपल्या राज्यात तंबाखूचा प्रश्न मुख्यतः फुफ्फुसाच्या आधी तोंडाचा आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण निघाले आणि जवळपास ८० हजार माणसे दगावली.

हा कर्करोग बहुतेक वेळा एका रात्रीत येत नाही. आधी काही वर्षे तो तोंडात खुणा दाखवतो. गालाच्या आत पांढरा चट्टा येतो, तिखट लागले की आग होते, तोंड हळूहळू कमी उघडू लागते. अशा वेळी आपल्याकडे माणूस डॉक्टरांच्या आधी मेडिकल स्टोअरमध्ये जातो. तिथे त्याला बी-कॉम्प्लेक्सची किंवा ‘अँटिऑक्सिडंट’ असे छापलेली कॅप्सूल मिळते. पंधरा दिवस कॅप्सूलही चालते आणि खर्राही चालतो. आग थोडी कमी झाली की माणूस समजतो, बरे झाले.

या कॅप्सूलमागे खरेच काही शास्त्र आहे का? अशा रुग्णांच्या लाळेत व्हिटॅमिन कमी सापडते असे म्हणतात, ते खरे आहे का? आणि खरे असेल, तर व्हिटॅमिन पोटात घातल्यावर आजार मागे फिरतो का? हे तीन प्रश्न आज नीट समजून घेऊया.

कर्करोगाआधीचे आजार कोणते?

पहिला आजार म्हणजे ल्युकोप्लाकिया. गालाच्या आत, हिरडीवर, जिभेच्या कडेला पांढरा, खरवडून न निघणारा चट्टा. तो बहुधा दुखत नाही, म्हणूनच दुर्लक्षित राहतो. चट्टा लाल असेल किंवा पांढऱ्यात लाल ठिपके असतील, तर धोका जास्त समजतात.

दुसरा आजार आपल्याकडे फार दिसतो. त्याचे नाव ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियात राहणाऱ्या भारतीय स्त्रियांमध्ये तो नोंदवला आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याला आज रूढ असलेले नाव दिले. यात तोंडाच्या आतल्या मऊ अस्तराखाली कोलॅजन नावाच्या तंतूंचे थर साचत जातात. अस्तर पांढुरके, ताठ होते. गालात दोऱ्यासारखे पट्टे हाताला लागतात. पुढे तोंड दोन बोटे, मग एक बोट एवढेच उघडते. भाकरीचा तुकडासुद्धा आत जाईना अशी वेळ येते.

या आजाराचे मुख्य कारण सुपारी आहे. त्यामुळे “मी तंबाखू खात नाही, नुसती गोड सुपारी खातो” असे म्हणणाराही सुरक्षित नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूशिवायच्या सुपारीलाही माणसात कर्करोग करणारा पदार्थ ठरवले आहे. केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात या आजाराच्या ६६ रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवले गेले. त्यात ७.६ टक्के रुग्णांना पुढे तोंडाचा कर्करोग झाला. बाकीच्यांना झाला नाही हे खरे, पण कोणाला होईल आणि कोणाला नाही हे आधी सांगता येत नाही. सगळी अडचण इथेच आहे.

सुपारी आणि चुना एकत्र आले की

सुपारीत अरेकोलिन नावाचे द्रव्य असते. ते तोंडातल्या पेशींना जास्त कोलॅजन तयार करायला लावते. सुपारीत तांबेही बरेच असते. हे तांबे कोलॅजनचे तंतू एकमेकांत घट्ट विणणाऱ्या विकराला बळ देते. म्हणून हे तंतू सहज विरघळत नाहीत आणि सुपारी सोडल्यावरही ताठरपणा पूर्ण जात नाही.

चुन्याचे काम वेगळे आहे. चुन्यामुळे तोंडातला ओलावा अल्कधर्मी होतो. अशा वातावरणात सुपारीतली तुरट द्रव्ये हवेतल्या ऑक्सिजनशी वेगाने अभिक्रिया करतात आणि त्यातून ‘फ्री रॅडिकल्स’ तयार होतात. फ्री रॅडिकल म्हणजे एक इलेक्ट्रॉन कमी पडलेला, त्यामुळे अस्थिर झालेला कण. तो शेजारच्या रेणूकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि त्याला बिघडवतो. पेशीच्या आवरणातली चरबी, प्रथिने आणि थेट डीएनए यांच्यावर हा मारा होतो. खर्रा गालात तासन् तास धरून ठेवला, की त्याच जागेवर तो मारा तासन् तास चालतो. चट्टा बहुधा त्याच गालात येतो, त्याचे कारण हेच.

शरीराकडे यावर बचाव आहे. जे रेणू स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन फ्री रॅडिकलला शांत करतात त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. व्हिटॅमिन सी पाण्याच्या भागात हे काम करते, व्हिटॅमिन ई चरबीच्या आवरणात करते. गाजर, पालक, पपईतले बीटा कॅरोटीन आणि टोमॅटोतले लायकोपीन हेही याच कामाचे. लाळेत स्वतःचा बचावही असतो. त्यात युरिक अ‍ॅसिडचा वाटा सर्वात मोठा, शिवाय पेरॉक्सिडेजसारखी विकरे असतात.

लाळ काय सांगते?

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर. होय, लाळेत फरक दिसतो. ल्युकोप्लाकिया किंवा सबम्यूकस फायब्रोसिस असलेल्या रुग्णांची लाळ आणि निरोगी माणसांची लाळ यांची तुलना करणारे अनेक अभ्यास भारतातल्या दंत महाविद्यालयांमध्ये झाले आहेत. त्यात साधारण दोन गोष्टी पुन्हा पुन्हा आढळतात.

एक, नुकसानीच्या खुणा वाढलेल्या असतात. पेशीच्या आवरणातली चरबी जळली की मॅलॉनडायअल्डिहाइड नावाचा पदार्थ उरतो. डीएनएवर मारा झाला की ८-हायड्रॉक्सी-डिऑक्सिग्वानोसिन नावाचा तुकडा बाहेर पडतो. हे दोन्ही लाळेत मोजता येतात. चुलीतली राख पाहून किती लाकूड जळाले याचा अंदाज करावा, तसे हे मोजमाप आहे. दोन, बचावाचे साहित्य कमी झालेले असते. व्हिटॅमिन सी, व्हिटॅमिन ई आणि इतर अँटिऑक्सिडंट यांची पातळी उतरलेली दिसते.

लाळेचा मोठा फायदा म्हणजे सुई टोचावी लागत नाही. माणूस भांड्यात थुंकतो आणि नमुना तयार होतो. आजार जिथे आहे त्याच जागेचे पाणी तपासता येते. गावपातळीवर अशी स्वस्त चाचणी आली तर चांगलेच होईल. पण आज ती तशी उपलब्ध का नाही, हेही समजून घ्यायला हवे.

हिरड्या सुजलेल्या असतील तरी या खुणा वाढतात. मधुमेहात वाढतात. नुसती तंबाखू खाणाऱ्या, पण चट्टा नसलेल्या माणसातही वाढतात. सकाळी घेतलेली लाळ आणि जेवणानंतर घेतलेली लाळ यांत फरक पडतो. अमुक आकड्याच्या वर गेले म्हणजे धोका, अशी सगळ्यांनी मान्य केलेली रेषा अजून नाही. बरेच अभ्यास लहान आहेत आणि एकाच वेळी घेतलेल्या नमुन्यांवर आधारलेले आहेत. त्यामुळे लाळेचा अहवाल एखाद्या माणसाला “तुला कर्करोग होणार” किंवा “होणार नाही” असे सांगू शकत नाही. संशयास्पद चट्ट्याचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, म्हणजे बायोप्सी, हीच आजही पक्की तपासणी आहे. “तुकडा काढला की आजार पसरतो” ही भीती आपल्या लोकांत खोल बसली आहे. ती चुकीची आहे, आणि या भीतीने वाया गेलेले महिने रुग्णाला महागात पडतात.

व्हिटॅमिन कमी झाले कशामुळे?

इथे बारकाईने विचार करायला हवा. लाळेत व्हिटॅमिन कमी आणि तोंडात आजार, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या. पण कशामुळे काय झाले?

एक शक्यता अशी, की आधीपासून आहारात भाजी-फळ कमी होते, बचाव दुबळा होता, म्हणून आजार लवकर झाला. यात तथ्य आहे. फळे-भाज्या भरपूर खाणाऱ्यांमध्ये तोंडाचा कर्करोग कमी दिसतो, हे अनेक देशांतल्या पाहण्यांत आढळले आहे.

दुसरी शक्यता अशी, की व्हिटॅमिन खर्च होत आहे. रोज दहा वेळा सुपारी-चुन्याचा मारा होत असेल तर बचावाचे साहित्य रोज संपणारच.

तिसरी शक्यता आपल्या घरात दिसणारी आहे. तोंडाची आग होते म्हणून माणूस तिखट भाजी, लिंबू, टोमॅटो, चिंच टाळतो. तोंड उघडत नाही म्हणून कच्चे गाजर, पेरू, कणसे सुटतात. उरतो तो वरण-भात आणि चहात बुडवलेली पोळी. मग व्हिटॅमिन सी कमी होणारच. म्हणजे ही कमतरता आजाराचे कारण असू शकते, तसाच त्याचा परिणामही असू शकते. भुकेला मारण्यासाठी खर्रा खाणाऱ्या मजुराच्या बाबतीत तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडत असतात.

कारण आणि परिणाम यांतला हा फरक महत्त्वाचा आहे. टाकीतले पाणी कमी झाले म्हणून वरून बादल्या ओतता येतील, पण खालचा नळ उघडाच असेल तर टाकी भरत नाही.

गोळी देऊन पाहिली तेव्हा

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने देण्याची गरज नाही, कारण प्रत्यक्ष प्रयोग झाले आहेत. १९८६ मध्ये अमेरिकेत ल्युकोप्लाकियाच्या ४४ रुग्णांवर व्हिटॅमिन ए च्या कुळातल्या एका औषधाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. औषध घेणाऱ्या ६७ टक्के रुग्णांचा चट्टा बराच लहान झाला, तर नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी फक्त १० टक्क्यांचा. पण औषधाचे दुष्परिणाम मोठे होते आणि ते थांबवल्यावर दोन-तीन महिन्यांत निम्म्याहून जास्त जणांचा चट्टा परत आला.

आपल्या जवळचा प्रयोग केरळातला. तिरुवनंतपुरमच्या डॉक्टरांनी मासेमारी करणाऱ्या वस्त्यांतल्या १६० रुग्णांना वर्षभर व्हिटॅमिन ए, बीटा कॅरोटीन किंवा दिखाऊ गोळी दिली. १९९७ मध्ये निष्कर्ष आले. चट्टा पूर्ण गेला असे रुग्ण व्हिटॅमिन ए च्या गटात ५२ टक्के, बीटा कॅरोटीनच्या गटात ३३ टक्के आणि दिखाऊ गोळीच्या गटात १० टक्के होते. आकडे उत्साह देणारे आहेत. पण गोळ्या बंद केल्यावर व्हिटॅमिन ए ने बरे झालेल्यांपैकी दोन-तृतीयांश आणि बीटा कॅरोटीनने बरे झालेल्यांपैकी निम्म्या लोकांचा चट्टा पुन्हा उगवला.

सबम्यूकस फायब्रोसिसमध्ये लायकोपीन आणि हळदीतले कुर्क्युमिन यांवर आपल्याकडे बरेच लहान अभ्यास झाले. आग कमी होते, तोंड काही मिलिमीटर जास्त उघडते असे त्यांत दिसते. तिखट न खाऊ शकणाऱ्या माणसाला एवढा दिलासाही मोठा असतो, म्हणून डॉक्टर तोंडाच्या व्यायामासोबत आणि इंजेक्शनसोबत अशी औषधे देतात. त्यात गैर काही नाही. मात्र चट्टा लहान होणे वेगळे आणि कर्करोग टळणे वेगळे. ल्युकोप्लाकियावरच्या सगळ्या चांगल्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या तज्ज्ञांनी हेच नोंदवले आहे, की कोणत्याही व्हिटॅमिनने किंवा औषधाने पुढचा कर्करोग टळतो असे अजून सिद्ध झालेले नाही.

जास्त घेतले तर काय बिघडते?

“फायदा नाही तर नाही, तोटा तर नाही ना?” असे कोणी म्हणेल. तोटा होऊ शकतो, आणि तो तंबाखूच्या सवयीच्या लोकांनाच झालेला आहे.

फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष धूम्रपान करणाऱ्यांवर मोठा प्रयोग झाला. बीटा कॅरोटीनच्या गोळ्यांनी फुफ्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी आशा होती. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत तो १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेत बीटा कॅरोटीन आणि व्हिटॅमिन ए एकत्र देऊन असाच प्रयोग चालू होता. त्यात २८ टक्के वाढ दिसल्यावर १९९६ मध्ये तो मुदतीआधीच थांबवावा लागला. कॅनडात डोके व मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांना व्हिटॅमिन ई च्या मोठ्या मात्रा दिल्या, तेव्हा गोळ्या चालू असताना दुसरा नवा कर्करोग होण्याचे प्रमाण वाढलेले दिसले.

असे का होत असावे? मोठ्या मात्रेत हेच रेणू उलटे वागू शकतात, आणि फ्री रॅडिकल्सपासून वाचवताना ते बिघडलेल्या पेशीलाही वाचवू शकतात, असे संशोधक मानतात. शिवाय व्हिटॅमिन ए शरीरात साठते. जास्त झाले तर यकृताला इजा होते आणि गर्भवतीने घेतले तर बाळात व्यंग येऊ शकते. म्हणून जाहिरात पाहून किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून महिनोन् महिने अशा कॅप्सूल घेऊ नयेत. रक्त कमी असेल, खरी कमतरता असेल, तर डॉक्टर तपासून ठरावीक दिवसांसाठी देतील.

मग उपयोग कशाचा होतो?

पहिला उपयोग सोडण्याचा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम जिल्ह्यांतल्या ३६ हजार तंबाखू वापरणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षे घरोघरी जाऊन तंबाखू सोडण्याचे काम केले. ज्यांनी तंबाखू सोडली किंवा खूप कमी केली, त्यांच्यात नवे चट्टे कमी झाले आणि कित्येकांचे जुने चट्टेही मागे गेले. या कामात कुठलीही महागडी गोळी नव्हती. समजावणे, चित्रे, सिनेमा आणि पुन्हा पुन्हा भेट, एवढेच होते. फायब्रोसिसमध्ये आलेला ताठरपणा सुपारी सोडून पूर्ण जात नाही, पण तो आणखी वाढू न देण्यासाठी सोडणे हाच पाया आहे.

दुसरा उपयोग तोंड पाहण्याचा. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून सुमारे १ लाख ९० हजार लोकांचा अभ्यास झाला. निम्म्या पंचायतींत प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी ठरावीक वर्षांनी लोकांची तोंडे तपासली. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणीच्या पंचायतींत ३४ टक्क्यांनी कमी झाले. साधन होते उजेड, डोळे आणि प्रशिक्षण. याच धर्तीवर सरकारी कार्यक्रमात आता ३० वर्षांवरील प्रत्येकाची तोंडतपासणी दर पाच वर्षांनी करायची आहे. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मोफत आहे. आशाताईंना विचारा. वस्तीतल्या समाजमंदिरात शिबीर घ्यायचे असेल तर रक्तदाब आणि साखरेसोबत तोंडतपासणीचाही आग्रह धरा.

घरी आरशासमोर काय पाहाल?

महिन्यातून एकदा, उजेडात, हात धुऊन पाहा. स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात जातात का? जात नसतील तर दाखवायला हवे. दोन्ही गाल आतून ओढून पाहा, ओठ उलटा करून पाहा, जीभ बाहेर काढून तिच्या दोन्ही कडा आणि खालची बाजू पाहा. न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा, बोटाला लागणारा कडक पट्टा, गाठ, शिट्टी वाजवता न येणे, जीभ पूर्वीसारखी बाहेर न येणे, तिखटाची नवीन आग, आणि दोन आठवड्यांत न भरलेली जखम, यातले काहीही असेल तर दंतवैद्याकडे जा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. कर्करोगाचा संशय असेल तर मुंबईचे टाटा मेमोरियल आणि नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे. मिश्री लावणाऱ्या आई, मावशी, आजी यांची तोंडे तर कोणी पाहतच नाही. त्यांच्यापासून सुरुवात करावी.

ताटाकडे लक्ष द्यायचेच आहे, पण ते गोळीच्या रूपात नको. आवळा आणि पेरू यांत व्हिटॅमिन सी भरपूर आहे आणि दोन्ही हंगामात स्वस्त मिळतात. शेंगदाण्यात व्हिटॅमिन ई आहे. शेवग्याचा पाला, पालक, लाल भोपळा, गाजर, पपई यांत बीटा कॅरोटीन आहे. टोमॅटो तेलात शिजवला की त्यातले लायकोपीन अंगी जास्त लागते. तोंड जळत असेल तर भाजी बिनतिखटाची, मऊ शिजवून किंवा वाटून खावी, पण सोडू नये.

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आहे, तरी पुडी कुठे मिळते हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. कायद्याची अंमलबजावणी मागणे हे आपले काम आहेच. त्यासोबत घरातल्या माणसाला सोडायला मदत करणेही आपलेच काम आहे. पहिले दोन-तीन आठवडे चिडचिड, झोप न लागणे, तोंडात काहीतरी हवेसे वाटणे असा त्रास होतो. त्या दिवसांत त्याला टोमणे न मारता बडीशेप, लवंग, आवळा हातात द्यावा. सोडण्यासाठी सल्ला हवा असेल तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनी मोफत आहे. व्हिटॅमिनची गोळी घ्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. खर्ऱ्याची पुडी मात्र आजच बाजूला ठेवता येते, आणि तोंड याच आठवड्यात दाखवता येते.